रंग न मारता विकलेली फियाट

आमच्या घरातली १९६८ सालची फियाट ११०० डिलाईट आम्ही यंदा दिवाळीनंतर विकली. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती नवी कोरी घेतली होती आणि तेव्हापासून ती आमच्याच घरात होती. विकण्याचे कारण अगदी साधे आहे. फलटणचे घर आता आम्ही ठेवणार नाही, पुण्याच्या सोसायटीत एकाच गाडीपुरती जागा मिळते आणि मुलांपैकी कोणीही भारतात परतण्याच्या विचारात नाही. गाडी उघड्यावर ताडपत्रीखाली झाकून ठेवण्यापेक्षा ती चालवणाऱ्याच्या आणि जपणाऱ्याच्या हाती जावी, हे ताईला आणि मला दोघांनाही पटले.

गाडी विकायची आहे हे कळताच जवळपास प्रत्येकाने एकच सल्ला दिला. आधी डेंटिंग-पेंटिंग करून घ्या, सीटचे रेक्झिन बदला, बंपरला नवे क्रोम चढवा, मग बघा भाव कसा येतो. सल्ला देणारे आपुलकीने बोलत होते आणि बाजाराच्या दृष्टीने त्यांचे फारसे चुकतही नव्हते. तरीही मी यातले काहीच केले नाही. गाडी जशी होती तशीच, तिच्या ओरखड्यांसकट आणि उडालेल्या रंगासकट, विकायची असे मी सुरुवातीलाच ठरवले होते. त्यामागचा विचार आणि पुढे काय काय करावे लागले ते इथे सविस्तर लिहितो, कारण महाराष्ट्रातल्या कित्येक घरांच्या मागच्या पडवीत अशी एखादी गाडी अजून उभी आहे.

डिलाईट म्हणजे कोणती गाडी, हे तरुण वाचकांसाठी सांगायला हवे. सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. कुर्ल्याच्या तिच्या कारखान्यात आधी अमेरिकन क्रायस्लरच्या गाड्या जुळवल्या जात. पन्नासच्या दशकात इटलीच्या फियाटशी सहकार्य झाले आणि ११०० ही गाडी आपल्याकडे आली. तिच्या पहिल्या, गोल पाठीच्या रूपाला लोक ‘डुक्कर फियाट’ म्हणत. १९६४ पासून कुर्ल्यात बनू लागलेली ११०० डी म्हणजेच डिलाईट. फियाटशी करार संपल्यावर हीच गाडी आधी प्रीमियर प्रेसिडेंट आणि नंतर प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली गेली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे रूप लोकांच्या डोळ्यांसमोर येते ते हेच. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची वयोमर्यादा संपल्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली तेव्हा वर्तमानपत्रांत बातम्या आल्या होत्या. ज्या कारखान्यातून या गाड्या बाहेर पडल्या तो आता राहिलेला नाही. मग ती गाडी बाहेर पडताना नेमकी कशी होती, हे आज आपण कुठे जाऊन पाहणार? पद्मिनी अजून पुष्कळ आहेत, पण त्यांतल्या बहुतेकींवर रंगाचे तीन-चार थर चढले आहेत, कोणाच्या पोटात डिझेल इंजिन बसवले आहे, तर कोणाचा स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा काढून खाली जमिनीवर घेतला आहे.

आमच्या गाडीचा रंग फिकट निळसर राखाडी आहे. छतावर आणि बॉनेटवर उन्हाने त्याची चमक गेली असून हात फिरवला की बोटांना पांढुरकी भुकटी लागते. चालकाच्या बाजूच्या दारावर काचेच्या कडेला, जिथे अण्णा कोपर टेकवून गाडी चालवत, तिथला रंग झिजून खालचा प्रायमर दिसतो आणि प्रायमरच्याही मधोमध रुपयाएवढा पत्रा उघडा पडून गुळगुळीत झाला आहे. पुढच्या सलग सीटचे रेक्झिन चालकाच्या बाजूला शिवणीवर उसवले आहे, बाकी शाबूत आहे. बॉनेटच्या आतल्या बाजूचा रंग मात्र कधी उन्हात आलाच नसल्यामुळे जवळपास मूळचा आहे. मूळ छटा पाहायची असेल तर बॉनेट उघडूनच पाहावी लागते, आणि गाडी पाहायला आलेल्या प्रत्येकाला मी सर्वांत आधी तेच दाखवले.

पत्रा टिकला याचे श्रेय आमच्यापेक्षा फलटणच्या हवेला जास्त आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा कोरडा भाग, इथे खारा वारा नाही आणि पाऊसही बेताचा. मुंबईत किंवा कोकणात याच गाड्यांचे दारांखालचे उंबरे, बूड आणि चाकांच्या वरच्या कमानी आतून गंजून पोकळ होतात आणि वरून पुट्टी व रंग दिल्यावर त्याचा पत्ताही लागत नाही. आमच्या गाडीच्या डिकीत जादा चाकाच्या खोबणीत एक छोटे भोक आणि उजव्या उंबऱ्याच्या मागच्या टोकाला थोडा वरवरचा गंज, एवढेच नुकसान होते. डावा मागचा मडगार्ड मात्र सत्तरच्या दशकात बैलगाडीचे जू घासल्यामुळे ठोकून रंगवलेला होता. त्याची छटा उन्हात थोडी वेगळी दिसते. हे सगळे मी एका कागदावर लिहून, फोटो जोडून, विचारणा करणाऱ्या प्रत्येकाला आधीच पाठवले. मूळ स्थितीतली म्हणून जी वस्तू आपण विकतो तिच्यात कुठे हात लागला आहे हे विकणाऱ्याने स्वतःहून सांगायला हवे, कारण तिची सगळी किंमत त्या एका शब्दावर उभी असते.

गाडीचे काहीच बदलले नाही असा मात्र याचा अर्थ नाही. चालती गाडी म्हटले की टायर, ब्रेकच्या सिलिंडरांतली रबरे, पाण्याचे होज, पंख्याचा पट्टा, बेअरिंगे, बॅटरी या गोष्टी झिजणार आणि बदलाव्या लागणार. चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेल्या या गाडीत ब्रेकची रबरे जुनी ठेवणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. आमचे मिस्त्री आणि अण्णा यांच्यात एक अलिखित नियम होता: जे झिजण्यासाठीच बनवलेले आहे ते वेळेवर बदलायचे आणि जे दिसण्यासाठी किंवा टिकण्यासाठी बनवलेले आहे त्याला निभावेल तोवर हात लावायचा नाही. काढलेला भाग शक्यतो फेकायचा नाही. त्यामुळे जुना डायनॅमो, मूळचा हॉर्न, फुटलेल्या मागच्या दिव्याची तबकडी आणि असे बरेच काही एका लाकडी खोक्यात चिठ्ठ्या लावून ठेवलेले होते. ते खोके गाडीबरोबरच गेले.

आता रंगाविषयी. पूर्ण रंग द्यायचा म्हणजे जुना रंग पत्र्यापर्यंत खरवडून काढावा लागतो, आणि एकदा तो गेला की कुर्ल्याच्या कारखान्यात १९६८ साली कोणत्या थरावर कोणता थर दिला होता, कडा कशा सोडल्या होत्या, दाराच्या आत किती रंग पोचला होता, ही सारी माहिती कायमची पुसली जाते. नवा रंग कितीही उत्तम मारला तरी तो आजच्या कारागिराचा आणि आजच्या रसायनांचा असतो. खराब झालेली गाडी केव्हाही नव्याने घडवता येते, पण न छेडलेली गाडी पुन्हा तशी करता येत नाही. हा केवळ माझा हट्ट नाही. जुन्या वाहनांची ‘फिव्हा’ ही आंतरराष्ट्रीय संघटना आहे. तिने तयार केलेली सनद फियाटच्याच गावाच्या, तोरिनोच्या, नावाने ओळखली जाते. जतन आणि पुनर्बांधणी यांत ती स्पष्ट फरक करते आणि वाहनात कमीत कमी हस्तक्षेप करण्यावर भर देते. आपल्याकडचे उदाहरण द्यायचे तर लालबहादूर शास्त्रींची १९६४ सालची फियाट घ्या. तिच्यासाठी त्यांनी पंजाब नॅशनल बँकेकडून पाच हजार रुपयांचे कर्ज काढले होते. ती दिल्लीच्या त्यांच्या स्मारकात आजही पाहायला मिळते. पाहायला येणारा माणूस शास्त्रीजी जिच्यात बसले ती गाडी पाहायला येतो, चकाकणारा रंग पाहायला नव्हे. आमचे अण्णा तालुक्याचे साधे डॉक्टर होते, पण त्यांची गाडी पाहताना मला तोच न्याय लावावासा वाटतो.

सरकारी नियमही याच बाजूचा आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेली दुचाकी किंवा चारचाकी मूळ रूपात राखलेली असेल आणि तिच्या चासीत (खालच्या सांगाड्यात), बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरबदल केलेला नसेल, तरच ती विंटेज ठरते. म्हणजे ज्यांनी मला ‘डिझेल इंजिन टाका, गिऱ्हाईक लगेच मिळेल’ असे सुचवले, त्यांचे ऐकले असते तर गाडीचा हा दर्जाच गेला असता.

विचारणा पुष्कळ आल्या. सर्वांत आधी आले ते लग्नांना आणि चित्रीकरणांना जुन्या गाड्या भाड्याने देणारे. त्यांना गाडी लाल-पांढऱ्या दोन रंगांत हवी होती. तो त्यांचा व्यवसाय आहे आणि त्यासाठी एखादी आधीच रंगवलेली पद्मिनी जास्त योग्य ठरेल, असे मी त्यांना सांगितले. त्यानंतर काही दलाल आले, ज्यांनी गाडीभोवती एक फेरी मारून ‘काम खूप आहे साहेब’ असे म्हणत भाव निम्म्यावर आणला. पुण्यातल्या एका उत्साही तरुणाचा विचार मला मनापासून आवडला होता, पण गाडी पूर्ण उघडून ‘नट-बोल्ट रिस्टोरेशन’ करायचे हे त्याचे स्वप्न होते. त्याचे कौशल्य खरे होते आणि इतर एखाद्या मोडकळीला आलेल्या फियाटचे त्याने सोने केले असते. आमच्या गाडीला त्याची गरज नव्हती. हे त्याच्यापाशी बोललो तेव्हा तो थोडा हिरमुसला, पण त्याने वाद घातला नाही आणि दुसऱ्या कोणाच्या तरी शेडमधल्या, बुडाला गंजून गेलेल्या एका डिलाईटचा पत्ता मी त्याला मिळवून दिला.

शेवटी ज्यांनी गाडी घेतली ते नाशिकचे निवृत्त अभियंते आहेत. ते आपल्या मुलीला घेऊन आले आणि भाव विचारण्याआधी तासभर नुसते पाहत बसले. त्यांच्याकडे रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र होते. कारखान्यातून आलेला रंग साधारण शे-दीडशे मायक्रॉनच्या (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास भरतो, एकदा पुन्हा रंगवले की आकडा त्याच्या पुष्कळ वर जातो आणि खाली पुट्टी असेल तर तो पाचशेच्याही पलीकडे जातो. मुलीने दारापासून सुरुवात करून एकेका पत्र्यावर यंत्र टेकवत आकडे वहीत लिहिले. डाव्या मागच्या मडगार्डवर आकडा एकदम चढला तेव्हा तिने माझ्याकडे पाहिले. “काका, हा तुम्ही यादीत लिहिलेला मडगार्ड ना?” मी हो म्हटले आणि त्या एका क्षणात आमच्यातले बरेचसे बोलणे होऊन गेले. यंत्र नसेल तर मऊ फडक्यात गुंडाळलेले साधे लोहचुंबकही चालते. पुट्टी जाड असेल तिथे ते धरत नाही. जुनी गाडी घेणाऱ्याने ते खिशात ठेवावेच.

त्यांना मी एकच प्रश्न विचारला, की पहिल्या वर्षात तुम्ही गाडीचे काय काय कराल. त्यांचे उत्तर असे होते: ब्रेकची सगळी रबरे, पेट्रोलचे होज, पंपाचा डायफ्रॅम, डिकीतल्या भोकाला आतून छोटे ठिगळ, उंबऱ्यात गंजरोधक मेण, उसवलेल्या सीटला त्याच छिद्रांतून दोऱ्याची शिवण. रंगाला फक्त धुऊन पुसणे. पेट्रोलच्या भागांचा त्यांनी वेगळा उल्लेख केला याचे मला समाधान वाटले, कारण हल्ली पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि त्या काळातली रबरे ते सोसण्यासाठी बनवलेली नव्हती. शिवाय गाडी बराच काळ उभी राहिली तर इथेनॉल हवेतली ओल शोषून घेते आणि टाकीला आतून गंज धरतो.

भावाचा आकडा इथे लिहीत नाही, कारण तसे आमचे ठरले आहे. तो ठरवला कसा, एवढे सांगतो. रंगवलेल्या चांगल्या डिलाईटला बाजारात काय येते ते पाहिले, त्यातून या गाडीला लगेच लागणाऱ्या यांत्रिक कामाचा खर्च वजा केला आणि एकाच मालकाची, जुळणाऱ्या इंजिन-चासी क्रमांकांची व संपूर्ण कागदपत्रांची गाडी म्हणून थोडी भर घातली. घासाघीस झाली, पण ती दोन्हीकडून समजूतदारपणाची होती. एका मोठ्या खरेदीदाराने याहून जास्त देऊ केले होते, तरी त्याला गाडी दिली नाही याचा ताईला आणि मला काहीही पश्चात्ताप नाही.

सर्वांत जास्त वेळ कागदांनी घेतला. अण्णा गेल्यानंतर गाडी त्यांच्याच नावावर राहिली होती. वारसाच्या नावावर करण्यासाठी नमुना ३१ भरावा लागतो, त्यासोबत मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांचे ना-हरकत प्रतिज्ञापत्र लागते. ते ताईने दिले. दुसरी अडचण अशी की १९८९ पूर्वीची, ‘एम’पासून सुरू होणाऱ्या तीन अक्षरांच्या क्रमांकाची ही नोंदणी हाताने लिहिलेल्या पुस्तकात होती आणि संगणकावर तिचा मागमूस नव्हता. आरटीओत जाऊन आधी तिची बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद संगणकावर चढवणे, करून घ्यावी लागली. चासी क्रमांकाचे पेन्सिलने घासून घेतलेले ठसे, मूळ पुस्तक आणि जुन्या कर भरल्याच्या पावत्या हाती असल्यामुळे ते काम निभावले. अण्णांनी या पावत्या वर्षानुवर्षे एकाच फायलीत लावल्या नसत्या तर गाडी असूनही ती आमची आहे हे सिद्ध करणे जड गेले असते. तुमच्याकडे अशी गाडी असेल तर विकायचा विचार नसला तरी हे काम आजच हाती घ्या.

त्यानंतर घेणाऱ्याच्या नावावर गाडी करण्याचे अर्ज, म्हणजे नमुना २९ आणि ३०. विकणाऱ्याने सही करून पैसे घ्यावेत आणि बाकीचे घेणाऱ्यावर सोपवावे, अशी आपल्याकडे पद्धत पडली आहे. ती धोक्याची आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या एका निकालात स्पष्ट केले आहे की नोंदणी पुस्तकावर ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक, आणि अपघात झाल्यास भरपाईची जबाबदारीही त्याच्यावर येते, मग गाडी आधीच विकलेली का असेना. म्हणून नाव बदलल्याशिवाय चावी द्यायची नाही, असे आम्ही ठरवले होते आणि नाशिकच्या गृहस्थांनीही ते लगेच मान्य केले.

गाडीची विंटेज म्हणून नोंदणी करावी की नाही, यावर आम्ही बरेच बोललो. ती नोंदणी दहा वर्षांची असते आणि जुना क्रमांक कायम ठेवता येतो, पण मग गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे अशा कारणांपुरतीच ती बाहेर पडू शकते. साध्या नोंदणीत दर पाच वर्षांनी तपासणी, नूतनीकरणाचे वाढलेले शुल्क आणि पर्यावरण कर हे सोसावे लागतात, मात्र रविवारी सकाळी घरच्यांना घेऊन त्र्यंबकपर्यंत जाता येते. नाशिकच्या गृहस्थांनी दुसरा मार्ग निवडला. माझ्या मतेही तोच बरा, कारण या गाडीचे इंजिन, गिअरपेटी आणि पुढच्या चाकांचे किंगपिन हे सगळे वापरात राहिले तरच नीट राहते.

गाडी द्यायच्या आदल्या दिवशी त्यांना आणि त्यांच्या मुलीला घेऊन मी फलटणहून लोणंदपर्यंत जाऊन आलो. थंड इंजिनाला चोक किती ओढायचा आणि कधी परत ढकलायचा, स्टिअरिंगच्या गिअरचा दांडा दुसऱ्यातून तिसऱ्यात नेताना मध्ये क्षणभर कसा थांबवायचा, पहिल्या गिअरला सिंक्रो (चालत्या गाडीत गिअरचे दात अलगद जुळवणारी रचना) नसल्यामुळे गाडी पूर्ण थांबल्याशिवाय तो का टाकायचा नाही, हे सगळे दाखवले. मुलीने पहिल्या दोन-तीन वेळा गिअरचे दात वाजवले, मग तिला ते जमले. खालचे ग्रीस भरायचे निपल कुठे कुठे आहेत ते मिस्त्रींनी गाडीखाली शिरून तिला एकेक करून दाखवले आणि त्यातला कोणता सहज विसरला जातो तेही सांगितले.

अण्णांची पेट्रोलची वही द्यावी की ठेवावी, यावर ताई आणि मी बराच विचार केला. तिच्यात प्रत्येक वेळी भरलेले पेट्रोल, मीटरचा आकडा, बदललेले भाग आणि मध्येच ‘वाठार, बाळंतपण, रात्री’ अशा नोंदी आहेत. शेवटी मूळ वही गाडीबरोबर दिली आणि तिच्या प्रत्येक पानाचे फोटो आमच्याकडे ठेवले, कारण गाडी मूळ स्थितीत आहे याचा तिच्याइतका पक्का पुरावा दुसरा नाही. परवा नाशिकहून फोन आला तो त्या वहीतल्याच एका नोंदीबद्दल होता. १९८१ सालच्या पानावर कार्ब्युरेटरच्या जेटचा (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्राच्या भागाचा) जो आकडा लिहिला आहे तोच आजही बसवलेला आहे का, असे मुलगी विचारत होती. मिस्त्रींना विचारून मी तिला कळवले की तोच आहे.